कासारानं शिवलेली थैली

“धाकटीला कशाला विचारता? तिच्या अंगाची हळद अजून निघाली नाही. तिला लेकराचं काय कळतंय?”

हे वाक्य धाकटीनं ऐकावं असं नव्हतंच. पण ती दाराआड ताक घुसळत बसली होती, आणि ताक घुसळणाऱ्या बाईला घरातलं सगळं ऐकू येतं. तिनं रवी थांबवली नाही. थांबवली असती, तर आपण ऐकलं हे बाहेर कळलं असतं.

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात कासारांचं हे घर होतं. घराचे कर्ते नागनाथ कासार. त्यांची बायको अनसूयाबाई. वरचं वाक्य त्यांचंच. थोरला मुलगा शिवराम आणि त्याची बायको काशी. धाकट्याचं लग्न होऊन दोन महिने झाले होते, आणि ही धाकटी सून म्हणजे मैना. शेजारणी म्हणायच्या, “नाव मैना आणि तोंडाला कुलूप.” मैनाला बोलता येत नव्हतं असं नाही. पण ज्याच्यावर बोलायची वेळ येत नाही त्याला बघायला वेळ मिळतो, आणि मैनाला बघायला आवडायचं.

काशीला मुलगा झाला होता. बारशाला त्याचं नाव मार्तंड ठेवलं. एवढं मोठं नाव एवढ्याशा जिवाला पेलेना, म्हणून सगळे त्याला बाळच म्हणत.

नागनाथांच्या हाताची पंचक्रोशीत ख्याती होती. बांगड्या विकणारे पुष्कळ होते, पण बांगड्या बांधाव्यात नागनाथांनीच. इतरांचा माल बैलगाडीतून आला की टोपलीतल्या पाव बांगड्या वाटेतच वाढायच्या. कासाराच्या घरात बांगडी ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. नागनाथांची मात्र एकही वाढत नसे. ते पेंढा आणि कापूस असा काही ठासून भरत, की बांगडीला हलायला जागाच उरत नसे. मग टोपली कानाशी धरून जोरात हलवत. आतून किणकिण आली, तर सगळं सोडून पुन्हा बांधत. नाही आली, तर समाधानानं म्हणत, “आवाज नाही म्हणजे माल शाबूत.” चाळीस वर्षं हा नियम एकदाही खोटा ठरला नव्हता.

घाटमाथ्यावर देवीचं ठाणं होतं. चैत्रात जत्रा भरायची, आणि त्या दिवशी देवीला हिरवा चुडा भरण्याचा मान याच घराचा. चुड्याची टोपली घरातल्या सगळ्यांत नव्या सुनेनं डोक्यावरून न्यायची. उंबऱ्यापासून देवळाच्या पायरीपर्यंत ती खाली ठेवायची नाही आणि वाटेत अवाक्षर बोलायचं नाही. शिवाय त्या वर्षी घरात मूल झालं असेल, तर त्याच दिवशी ते देवीच्या पायांवर घालायचं. यंदा दोन्ही गोष्टी एकदम आल्या होत्या. सून नवी होती आणि बाळही नवं होतं.

बाळाला सव्वा महिना नुकताच पुरा झाला होता. त्यानं अजून मान धरली नव्हती. चढ दोन कोसांचा. काही वळणांवर तर खडकाला हात लावूनच वर जावं लागे, म्हणजे बाळाला नुसतं हातांवर घेऊन जाणं शक्य नव्हतं.

“ओल्या बाळंतिणीनं ओझं उचलायचं नाही,” अनसूयाबाईंनी सांगून टाकलं. तेव्हा बाळाला शिवराम नेणार असं ठरलं. कशातून न्यायचं, एवढंच राहिलं.

काशीच्या माहेराहून खणाची झोळी आली होती. शेजारच्या बुरडानं नवी कोरी टोपली विणून दिली होती. नागनाथांनी दोन्हींची परीक्षा घेतली. दोन्हींत डझनभर बांगड्या घातल्या आणि हलवून पाहिल्या. झोळीत किणकिण झाली. टोपलीत तर दोन बांगड्या वाढल्यासुद्धा. “यातून माझा नातू जाणार नाही,” ते म्हणाले, आणि स्वतः सुई-दोरा घेऊन बसले.

चार दिवस ते शिवत होते. आतून जुन्या धोतराचं मऊ अस्तर, मध्ये सावरीचा कापूस, वरून जाड पासोडी. थैली खोल आणि नळीसारखी. बाळाचे पाय सरळ जुळवून आत सोडायचे, चारी बाजूंनी कापूस बसेल, वरून झापड आणि झापडीला दोन बंद. ऊन लागणार नाही, वारा लागणार नाही, धूळ लागणार नाही. खांद्याला अडकवायला रुंद पट्टे. शिवताना म्हातारा गुणगुणत होता. घरात कुणी कधी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

थैली झाली तेव्हा त्यांनी तिच्यात डझनभर बांगड्या घातल्या, ती पाठीला बांधली आणि साठाव्या वर्षी स्वतः ओट्यावरून उडी मारली.

किणकिण आली नाही. बांगड्या मोजल्या, बाराच्या बारा.

“राजाच्या घरी असली थैली नसेल,” अनसूयाबाई म्हणाल्या.

“तरी एकदा दोघी सुनांना दाखवा,” नागनाथ म्हणाले. “पोराच्या बाबतीत बायकांना कळतं.”

त्यावर अनसूयाबाई जे बोलल्या, ते वर आलंच आहे.

दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा मैना थैली टांगलेल्या खुंटीपाशी गेली. थैली खरोखरच देखणी होती, टाके मोजून घातल्यासारखे होते. तिनं आपली मूठ बाळाच्या डोक्याच्या जागी धरली, मनगट मानेच्या जागी, आणि कोपर खाली करून हात आत सोडला. कापूस दबला. हात खाली खाली गेला, आणि तळाशी जाऊन मनगट दुमडलं. तिनं हात काढला, पुन्हा घातला. मनगट पुन्हा दुमडलं.

ती काशीकडे गेली. काशी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. एक तळवा त्याच्या ढुंगणाखाली, एक मानेमागे. बाळाचे गुडघे बेडकासारखे वर दुमडलेले, आणि तोंड उघडं, एका बाजूला वळलेलं. सव्वा महिना मैना हेच बघत होती. काशीनं बाळाला कधी सरळ काठीसारखं धरलं नव्हतं. तिला तसं कुणी शिकवलंही नव्हतं. बाळच तसं बसत होतं.

“जाऊबाई,” मैना म्हणाली, “त्या थैलीत त्याची मान खाली बसेल.”

काशीनं खुंटीकडे पाहिलं. “मलाही तसंच वाटलं गं,” ती हळूच म्हणाली. “पण मामंजींनी चार दिवस डोळे फोडून शिवलीय. आता कोण बोलणार?”

तेवढ्यात बाळाला उचकी लागली, आणि विषय तिथंच राहिला.

जत्रेच्या दिवशी उजाडताच सगळे निघाले. मैनाचा नवरा दुकान मांडायला आदल्या दिवशीच वर गेला होता. पुढं नागनाथ, त्यांच्यामागं काशीचा हात धरून अनसूयाबाई, मग पाठीवर थैली घेतलेला शिवराम. सगळ्यांत शेवटी डोक्यावर चुड्याची टोपली घेतलेली मैना, कारण देवीच्या टोपलीमागं कुणी चालायचं नाही असा रिवाज होता.

बाळ पहिल्या वळणापर्यंत रडलं. दुसऱ्या वळणापर्यंत कुरकुरलं. मग गप्प झालं.

“लागला डोळा,” अनसूयाबाई म्हणाल्या.

नागनाथ मागं वळून आले. चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी थैलीला कान लावला. आतून काही आलं नाही. ते हसले. “शाबूत,” म्हणाले, आणि पुन्हा पुढं चालू लागले.

डोक्यावर टोपली असली की खाली बघता येत नाही. नजर समोरच राहते. मैनाच्या नजरेसमोर थैली होती. चढ जाणवू नये म्हणून ती मघापासून त्या झापडीकडे बघत होती. बाळ श्वास घेई तशी झापड जरा उचलायची आणि जरा बसायची. मैना तेच मोजत पावलं टाकत होती. तिसऱ्या वळणावर तिला दिसलं की थैलीचा वरचा भाग रिकामा पडलाय आणि तळाशी गाठोडं झालंय. चौथ्या वळणावर तिचे आकडे चुकायला लागले. ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला गेली, तर मोजायला काही नव्हतं. झापड हलत नव्हती.

वारा पडलाय म्हणून असेल, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण वारा होता. तिचाच पदर उडत होता.

टोपली डोक्यावर असताना बोलायचं नाही. थोरल्या दिराला धाकट्या सुनेनं हाक मारायची नाही, ती तर एरवीही नाही. मैना तीन पावलं चालली. मग तिनं हाक मारली.

“भावजी, थांबा.”

शिवराम थांबला नाही. त्यानं डावीकडे दरीकडे पाहिलं आणि तो पुढं गेला. खालच्या वाटेवरून कुणी बाई कुणाला हाक मारत असेल, असं त्याला वाटलं. मैनाचा आवाज कसा असतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

तेव्हा मैना गुडघ्यांवर बसली. दोन्ही हातांनी टोपली डोक्यावरून उतरवली, वाटेच्या मातीवर ठेवली, आणि धावत जाऊन तिनं थैलीचा पट्टा धरला.

आता सगळे थांबले.

“टोपली,” अनसूयाबाई म्हणाल्या. “अगं, टोपली खाली ठेवलीस.”

मैना बंद सोडत होती. गाठ कासाराची होती, सहज सुटणारी नव्हती. तिनं ती दातानं सोडवली. आत, तळाशी, बाळ दुमडून बसलं होतं. हनुवटी छातीत रुतलेली, नाक कापसात, अंग घामानं निथळलेलं, ओठांचा रंग बदललेला. मैनानं त्याला वर घेतलं आणि पाठ सरळ राहील असं हातावर आडवं केलं. एका बोटानं त्याची हनुवटी वर उचलली आणि तशीच धरून ठेवली.

थोडा वेळ काही झालं नाही. तो थोडा वेळ त्या घरातल्या प्रत्येकानं पुढं आयुष्यभर आठवला.

मग बाळानं ओठ हलवले. तहानलेला माणूस पहिला घोट घेतो तसा एक लांब श्वास घेतला. दुसरा घेतला. आणि रडलं. चांगलं मोकळ्या गळ्यानं, हातपाय झाडत रडलं.

काशी तिथंच वाटेवर बसली आणि तिनं बाळाला पदराखाली घेतलं. शिवराम पाठीवरून उतरवलेल्या रिकाम्या थैलीकडे नुसता बघत राहिला. अनसूयाबाई टोपली विसरून बाळाचे तळपाय चोळू लागल्या.

नागनाथ टोपलीपाशी गेले. त्यांनी ती उचलून कानाशी धरली. किणकिण नव्हती. चुड्यातली एकही बांगडी वाढली नव्हती.

“जशी टोपली बांधतो तशीच थैली बांधली,” ते म्हणाले. “तिथंच चुकलो. बांगडीला श्वास घ्यायचा नसतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.”

त्यांनी टोपली पुन्हा खाली ठेवली.

अर्धा चढ बाकी होता. उतरायचं म्हटलं तरी वाट तेवढीच. बाळाचं पोट भरलं, ओठ पुन्हा गुलाबी झाले, तशी मैनानं अनसूयाबाईंच्या काखेतल्या दुपट्यांच्या गाठोड्यातून काशीचं एक जुनं सुती लुगडं काढलं. ते धुऊन धुऊन मऊ झालं होतं, आणि उजेडासमोर धरलं की आरपार दिसायचं. तिनं त्याची रुंद घडी घातली.

“जाऊबाई, उभ्या राहा. भावजींकडे नको. तुमच्याकडेच.”

“बाळंतिणीनं ओझं—” अनसूयाबाई म्हणू लागल्या.

“आत्याबाई,” काशी म्हणाली, “नऊ महिने मीच वाहिलाय त्याला. तेव्हा ओझं नव्हतं.”

मैनानं बाळाला काशीच्या छातीवर उभं धरलं. पाठीवर नाही, पोटाशी. लुगड्याची घडी त्याच्या पाठीवरून घेतली, एका मांडीपासून दुसऱ्या मांडीपर्यंत खालून आधार दिला आणि गुडघे ढुंगणापेक्षा वर, फाकलेले, जसे काशीच्या मांडीवर असायचे तसेच राहू दिले. दोन्ही टोकं काशीच्या पाठीवर फुली करून खांद्यांवरून पुढं आणली आणि गाठ मारली. कापडाचा एक पदर बाळाच्या मानेमागं आला, कानांच्या खालपर्यंत. तोंड पूर्ण उघडं. मग तिनं आपली दोन बोटं बाळाच्या हनुवटीखाली घालून पाहिली. बोटं सहज मावली.

“आता वाका,” ती काशीला म्हणाली. “हात त्याच्या डोक्यामागं ठेवून वाका.”

काशी वाकली. बाळ छातीला चिकटूनच राहिलं, लोंबलं नाही आणि खालीही घसरलं नाही. काशीनं मान जराशी खाली केली, तर तिचे ओठ बाळाच्या टाळूला लागले. मैनाला तेच बघायचं होतं.

“किणकिणतंय का बघू?” नागनाथ म्हणाले. ही थट्टा त्यांनी स्वतःचीच केली होती. शिवरामला हसू आलं. अनसूयाबाईंना यायला वेळ लागला, पण आलं.

मग मैनानं टोपली उचलून पुन्हा डोक्यावर घेतली आणि सगळे चढू लागले. बाळ वाटेत दोनदा जागं झालं. दोन्ही वेळा काशीला ते आधी कळलं आणि मग बाळानं आवाज केला.

देवळाच्या पायरीवर म्हातारा गुरव वाट बघत उभा होता. नागनाथांनी त्याला काही लपवलं नाही. टोपली वाटेत खाली ठेवली गेली, सून वाटेत बोलली, आणि हे सगळं का झालं, हे त्यांनी एका दमात सांगितलं. “आता चुडा चालेल की नाही, ते तुम्ही सांगा,” ते म्हणाले, आणि मान खाली घालून उभे राहिले.

गुरवानं बाळाकडे पाहिलं. मग टोपलीकडे पाहिलं.

“टोपली कुठं ठेवली म्हणता?”

“चौथ्या वळणावर. मातीत.”

“डोंगर कुणाचा?”

“देवीचा.”

“मग तिच्याच घरात ठेवली ना,” गुरव म्हणाला. “आणा चुडा.”

देवीच्या हातांत हिरवा चुडा चढला. बाळाला तिच्या पायांवर घातलं. तिथं त्यानं जे करू नये ते केलं आणि देवीचं पाऊल ओलं झालं. गुरव म्हणाला, हाच खरा अभिषेक.

खाली देवळाच्या अंगणात बायका जमल्या होत्या. काशीच्या छातीवरचं ते लुगडं बघून एकीनं विचारलं, ही कुठली रीत? दुसरी म्हणाली, आमच्या वन्संना आठवडाभरापूर्वी मुलगी झालीय, त्यांनाही असं बांधता येईल का? एक म्हातारी म्हणाली, पोर असं उघडं ठेवलं तर दृष्ट लागेल. सगळ्या एकदम बोलत होत्या. अनसूयाबाई मधे उभ्या होत्या. त्यांनी मैनाकडे पाहिलं. सगळ्यांदेखत विचारायचं म्हणजे आपल्याला कळत नव्हतं हे कबूल करणं आलं. त्यांनी ते केलं.

“मैना,” त्या म्हणाल्या, “तुला कळलं कशावरून? आणि पुढच्या वेळी आम्ही काय बघायचं?”

मैनानं पदर सारखा केला. एवढ्या लोकांत ती कधी बोलली नव्हती. आवाज पहिल्यांदा जरा चिरकला, मग लागला.

“मला काही येत नव्हतं, आत्याबाई. जाऊबाई त्याला घेतात ते मी बघत होते, एवढंच. मामंजींची थैली मऊ होती, मजबूत होती, आणि चार दिवस त्यांनी तिच्यात जीव ओतला होता, पण आत मान दुमडली आणि ते कुणाला दिसलं नाही. तुम्ही कापड कुठलंही घ्या, खणाचं घ्या नाहीतर जुन्या लुगड्याचं. श्वास जाईल इतकं पातळ हवं आणि धरून ठेवील इतकं घट्ट हवं. मान धरेपर्यंत बाळ पाठीवर नको. हनुवटी छातीला टेकू देऊ नका. गुडघे वर असू द्या. आणि ते रडत नाही म्हणजे बरं आहे असं धरून चालू नका, तोंड बघा.”

त्या म्हातारीला अजून दृष्टीचं भय वाटत होतं. मैना तिच्याकडे वळली आणि मागच्या बायकांनाही ऐकू जाईल असं शेवटचं बोलली. ते पुढं त्या घाटाखालच्या गावांत पुष्कळ घरी सांगितलं जाऊ लागलं.

तात्पर्य, तिच्याच शब्दांत: “ज्याला जपायचं त्याला झाकून ठेवू नये, आजी. त्याचं तोंड आपल्याला दिसत राहील असं त्याला धरावं.”